मागावर ऐकू येईल असा पावा

सुरांना सीमा नसते. बेळगाव-निपाणी भागात हे वाक्य म्हणायला मोठं धैर्य लागतं असा समज आहे, आणि म्हणूनच दर पंधरा दिवसांनी कुणीतरी कुठल्यातरी स्टेजवरून ते म्हणतं. लोक टाळ्या वाजवतात. भाषांतर झालं की पुन्हा वाजवतात. मीही पूर्वी वाजवल्या आहेत. आता वाजवत नाही. सुरांना सीमा असते. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत ती सेकंदाला साधारण हजार कंपनांपाशी होती, आणि कानाच्या डॉक्टरांनी कागदावर पेनाने रेघ मारून ती मला दाखवली होती.

"याच्या वरचं गेलं," डॉक्टर म्हणाले. "खालचं अजून थोडं आहे. पण तेही सरकतंय."

"किती दिवस?"

"वर्षभर धरा. कमीही असेल."

अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होता. तेवढ्यात डॉक्टरांनी, आलाच आहात तर म्हणून, माझेही कान तपासले आणि वयाच्या मानाने उत्तम आहेत असं सांगितलं. ते नेमकं मान खाली घालून लिहिताना सांगितलं, त्यामुळे अण्णाला कळलं नाही. सुदैवाने, असं मी तेव्हा मनात म्हणालो. हा शब्द पुढे बरेच दिवस दाताखाली खड्यासारखा येत राहिला.

कारण माझे कान उत्तम आहेत ते अण्णाचे बिघडले म्हणून. वडगावातल्या आमच्या घराच्या मागच्या निम्म्या भागात चार पॉवरलूम आहेत. वडील हातमागावर होते. ते गेल्यावर अण्णाने शाळा सोडली, माग घातले आणि पन्नास वर्षं साड्या विणल्या. मी त्या साड्यांवर शिकलो, कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झालो आणि टिळकवाडीत शांत जागी राहायला गेलो. दोघांपैकी एकाला त्या खोलीत उभं राहणं भाग होतं. मी धाकटा होतो आणि परीक्षेत मार्क बरे पडत, एवढंच.

माग चालू असताना त्या खोलीत बोलता येत नाही. म्हणून आमच्या गल्लीत लोक आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. रस्त्याच्या या कडेची बाई त्या कडेच्या बाईशी अर्धा तास भांडते आणि मधून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटतं, दोघी चिंच खातायत. अण्णा या विद्येत पारंगत. त्यामुळे त्याला ऐकू येत नाही हे आम्हालाच किती वर्षं कळलं नव्हतं. तो सगळ्याला बरोबर उत्तरं द्यायचा. पाठीमागून हाक मारली तरच वळायचा नाही, आणि पाठीमागून हाक मारणारे आम्ही, तो हट्टी आहे असं म्हणायचो.

त्याची मुलगी नर्स आहे. हुबळीला शिकली, आणि गेली तीन वर्षं आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात नोकरी करते. तिथल्या एका आजींनी तिला टिन व्हिसल वाजवायला शिकवलं. टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची किंवा पितळेची सहा भोकांची नळी, वरच्या टोकाला शिट्टी; आपल्याकडे यालाच पावा म्हणतात. बासरीसारखी कडेला ओठ लावून महिनाभर नुसती हवा सोडत बसायला नको, तोंडात धरून फुंकली की वाजते. आजींनी शिकवलेली चाल संथ होती. तिला ठेका नाही. वाजवणाऱ्याचा श्वास जेवढा लांब तेवढी ओळ लांब. तिकडचे लोक त्याला स्लो एअर म्हणतात. मूळ गाण्याला शब्द होते, पण ते फक्त आजींना येत होते, आणि आजी वारल्या. मग मुलीने ती चाल वाजवून, रेकॉर्ड करून घरी पाठवली. आप्पांना, म्हणजे अण्णाला, ऐकवा म्हणाली.

अण्णाने फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्या, मग पालथा करून पुन्हा पहिल्या.

"कायबी येत न्हाय," तो म्हणाला. "चिमणी वरडल्यागत येतंय मधीच. चिमणी हाय काय?"

वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "पोरगी वाजवालीया. तुमची पोरगी!"

"व्हय? काय वाजवालीया?"

वहिनीला सांगता येईना. शब्द ओठांवर दाखवता येतात, चाल कशी दाखवणार? अण्णाने माझ्याकडे बघितलं.

"तू वाजीव रं. समोर बसून वाजीव. फोनमधनं न्हाय येत मला."

"मला कुठलं वाजवायला येतंय, अण्णा?"

"तुला इंग्लिश येतंय न्हवं?"

याआधी उपाय झाले नव्हते असं नाही. एका मंडळाने श्रवणयंत्र वाटपाचा कार्यक्रम केला होता. मंडप, पुष्पगुच्छ, पाच प्रमुख पाहुणे. समोर तीन रांगा बहिऱ्या माणसांच्या, आणि त्यांच्यापुढे अडीच तास दोन्ही भाषांत भाषणं. सीमाप्रश्नावर इतका तटस्थ श्रोतृवर्ग कुठल्याच वक्त्याला मिळाला नसेल. शेवटी प्रत्येकाला शाल, नारळ आणि एक डबी मिळाली, फोटो झाला. डबीतलं यंत्र लावून अण्णा घरी मागापाशी गेला आणि लगेच बाहेर आला. "आता माग दोनदा ऐकू येतोय," म्हणाला. डबी कपाटात गेली, शालीखाली. पुढे मी चांगलं यंत्र घेऊन दिलं. त्याने ते आठ दिवस माझ्या समाधानासाठी घातलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आतली नसच मेली असेल तिथे यंत्र ओरडून काय करणार.

तेव्हा आता एवढंच उरलं होतं. वर्षभरात मला एक पावा निवडायचा होता, एक चाल शिकायची होती आणि ती अण्णाच्या कानात अजून उघडी असलेल्या फटीतून आत सोडायची होती.

पुस्तकी माणूस कुठलीही गोष्ट करण्याआधी ती वाचतो. न करण्याचा तो सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. मी दोन महिने वाचलं. जगात पाव्याच्या तोंडाशी प्लॅस्टिक असावं की लाकूड, या विषयावर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आहेत. काही हाताने घडवलेल्या नळ्यांच्या किमती बघून मी चष्मा पुसून पुन्हा बघितल्या. पण जाणकारांचं एका गोष्टीवर एकमत होतं: स्वस्त पावा चालतो, अट एवढीच की संथ चाल वाजवायची तर तो खालच्या सुराचा, मऊ आवाजाचा, थोडा श्वास खाणारा असावा. सगळीकडे सहज मिळतो तो डी, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. तो नाचाच्या गाण्यांना बरा, पण वर गेला की किंचाळतो. पुतणीनेही कळवलं, "काका, डी घेऊ नका. आप्पांना खालचा पाहिजे." ही ओळ मी वहीत उतरवून तिच्याखाली रेघ मारली. रेघ मारली की काम अर्धं झालं असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

गावातल्या वाद्यांच्या दुकानदाराला मी टिन व्हिसल पाहिजे म्हटलं.

"शिट्टी? पीटीच्या टीचरला पायजे काय, सर?"

समजावून सांगितल्यावर त्याने मुंबईहून दोन मागवून घेतल्या. एक पांढरी दोनची, बारीक, पितळेची. दुसरी काळी पाचची, तिच्याहून खालची, जाड आणि जवळजवळ तिप्पट किमतीची. "दोन्ही नेऊन बघा सर. नको ती आठवड्यात परत आणा. आठवड्यानंतर मात्र तोंडाला लागलेलं वाद्य मी घेत नाही."

पुढे जे झालं ते आमच्या घरातच होऊ शकतं. दोन्ही पावे घेऊन मी रविवारी वडगावला गेलो. ऑर्डर होती, म्हणून माग चालू होते. आमच्या घरी कुठलीही आवाजाची वस्तू घ्यायची तर ती मागापाशी नेऊन वाजवून बघायची पद्धत आहे. दाराची बेल तशीच निवडली, फोनची रिंग तशीच निवडली, कुकरसुद्धा दुकानातून आधी बघायला म्हणून आणतात. पुतणीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बँडवाल्याला चार मागांसमोर उभा करून क्लॅरिनेट वाजवायला लावलं होतं. तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. त्यामुळे वहिनीने पावे बघताच मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, आणि मीही काही न बोलता गेलो. चाळीस वर्षं शांत जागी राहिलो, तरी त्या दारातून आत गेलं की माझं डोकं वडगावचं होतं.

मी आधी खालच्या सुराचा वाजवला. वहिनीने मान हलवली: न्हाय. मग बारीक. तिचा चेहरा खुलला. शेजारची बाई दारातूनच ओठ हलवून म्हणाली, "हां, ह्यो! ह्यो येतोय!"

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, ह्यो बारकाच घ्या. आमास्नी मागावर ऐकू आला म्हंजे त्यास्नी बी येणार की. त्यो दांडगा कशाला? पैसे जास्त आन् आवाजच न्हाय."

मला ते पटलं. बहिऱ्याला मोठा आवाज पाहिजे, हे कुणालाही पटेल. शिवाय तो स्वस्त होता, आणि स्वस्त वस्तू योग्यही निघाली की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटतं. वहीतली रेघ मारलेली ओळ घरी होती. अण्णा त्या वेळी तिसऱ्या मागाशी वाकून धोट्यातली सुताची कांडी बदलत होता. ज्याच्यासाठी पावा घ्यायचा, त्याला दोन्ही वाजवून दाखवावेत हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्याला ऐकू येत नाही ना.

जाड पावा मी दुसऱ्या दिवशी परत केला.

चार महिने शिकलो. साठी उलटल्यावर बोटं नवीन भोकं सहजासहजी मान्य करत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांनी एकदा वर येऊन, दारातच उभं राहून, अत्यंत सभ्यपणे विचारलं, "सर, तुमच्या कुकरचं काही बिघडलंय का?" तरीही चाल बसली. पुतणीने फोनवर ऐकून, दोन ठिकाणी श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलं. बाकी छान आहे काका, म्हणाली. ती नर्स आहे; रोग्याला धीर देण्याची तिला सवय आहे.

मग एका दुपारी माग बंद ठेवून मी अण्णासमोर खुर्ची टाकून बसलो आणि वाजवायला लागलो. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. त्याचे डोळे माझ्या ओठांवरून हलेनात. तिसऱ्या ओळीला तो पुढे झुकला.

"बोल की," तो म्हणाला.

मी वाजवत राहिलो.

"तोंडच हलंना झालंय तुझं. काय म्हनालास ते कसं कळणार रं?"

मी पावा खाली घेतला. ओठ हलवून विचारलं, काही ऐकू आलं का?

त्याने खरोखर विचार केला. "मधी मधी डास आल्यागत झालं," म्हणाला. "पन डास बी असंल."

मी घरी आलो आणि डॉक्टरांचा कागद काढला. पहिल्यांदाच नीट वाचला. माग खालच्या आवाजात गरजतो. त्याच्यावर तरंगायचं तर आवाज कर्कशच पाहिजे. म्हणून आमची अख्खी गल्ली बारीक, कर्कश तेवढं निवडते. आणि मागाने अण्णाचे जे सूर पहिल्यांदा नेले ते हेच, वरचे. जे त्याच्याकडे उरलंच नव्हतं, नेमकं तेच मी हौसेने विकत आणलं होतं, आणि चार महिने घासून पुसून लख्ख केलं होतं. माझ्या पाव्याचे दोन-चार खालचे सूर सीमेच्या अलीकडे होते खरे. पण कुठल्याही पाव्याचे खालचे सूर सगळ्यात अशक्त असतात.

दुकानदाराकडे गेलो. जाड पावा विकला गेला होता. "एका चर्चच्या फादरनी नेला," तो म्हणाला. पुन्हा मागवायला सांगितला, तर मुंबईवाल्याने ते आणणंच बंद केलेलं. बाहेरदेशाहून मागवायचा तर किंमत, टपाल, कस्टम. पुतणीने एक पाठवला, तो दिल्लीच्या पुढे सरकेना. दर आठवड्याला मी कॉम्प्युटरवर बघायचो. दर आठवड्याला तो दिल्लीतच असायचा.

शेवटी वहिनीने मार्ग काढला. तिचं माहेर निपाणीचं. तिथे बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याच्या खोपट्याएवढ्या दुकानात पिचके कर्णे वरून टांगलेले असतात आणि खाली तो फुटक्या पितळेला डाग देऊन सांधत बसलेला असतो. मी त्याला माझा पितळी पावा दाखवला आणि म्हटलं, असाच, पण पांढरी पाचचा, काळी पाचहूनही खालचा.

"हाताला ताण बसंल, मास्तर. भोकं लांब पडत्यात."

"बसू दे."

"वाजवून दावा बघू काय वाजवणार त्ये."

मी दाखवलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग डागणी बाजूला ठेवून, हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलंय?"

"अजून कुणी नाही."

त्याने लाइटीच्या वायरिंगचा प्लॅस्टिकचा पाइप कापला, तोंडाशी लाकडाचा खुंटा बसवला, भोकं पाडली, पेटीवर सूर धरून ती रेतून रेतून मोठी केली. दोन तास लागले. दीड फूट लांब, राखाडी रंगाचा तो पावा दिसायला अगदी मोरीतून काढून आणल्यासारखा होता. आवाज मात्र जाणकारांनी लिहिला होता तसाच: खालचा, मऊ, जवळजवळ माणसाच्या हुंकारासारखा. बेळगावहून निपाणीला बसने जाऊन-येऊन जेवढे लागतात त्यापेक्षा त्याने कमी घेतले. परवडणारा पावा कसा निवडावा यावर मी वाचलेलं सगळं या एका दुकानात फुकट गेलं.

त्या पाइपला श्वास दुप्पट लागायचा. बोटं पुन्हा नव्याने शिकवावी लागली. आणखी दोन महिने गेले. त्या काळात अण्णा पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आला. नवी रेघ पाचशेच्या जवळ होती. माझ्या पाइपचा सगळ्यात खालचा सूर चारशेच्या आसपास. मी दोन्ही आकडे शेजारी लिहून बघितले आणि वही मिटली. वहिनी आता जेवायला हाक न मारता त्याच्या खांद्याला हात लावत होती.

आयर्लंडमध्ये मुलीची सुट्टी होती त्या रविवारी दुपारी आम्ही बसलो. घडी केलेल्या साड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून वहिनीने फोन उभा केला. पडद्यावर मुलगी, मागे पावसाळी खिडकी. माग बंद. गल्लीतलेही दोन-चार माग वहिनीने सकाळी सांगून बंद ठेवले होते, आणि ऑर्डरीच्या दिवसांत हे कुणी उगीच करत नाही. मी अण्णाच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसलो आणि सुरुवात केली.

या वेळी त्याने माझ्या ओठांकडे बघितलं नाही. तो पडद्यावरच्या मुलीकडे बघत होता. ती डोळे मिटून, मान किंचित हलवत, माझ्याबरोबर मनात वाजवत होती. श्वास घेण्याची जागा आली की तिचे खांदे वर जायचे. तिचे खांदे वर गेले की अण्णाही मान डोलवायचा. मी एकदा चुकलो, दोनदा दम अपुरा पडला, पण शेवटपर्यंत गेलो. शेवटचा सूर सगळ्यात खालचा आहे. तो मी जमेल तेवढा धरून ठेवला.

वहिनीने पदराने नाक पुसलं. मुलीने डोळे उघडले आणि पडद्याजवळ येऊन, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "आप्पा, ऐकलं?"

"ऐकलं की गं!" अण्णा म्हणाला. "समदं ऐकलं. लई ग्वाड हाय."

ती रडायला लागली. पाठोपाठ वहिनी. मी पाइप मांडीवर ठेवला. मला स्वतःविषयी गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ते साधारण मिनिटभर टिकलं.

मग अण्णाने माझा खांदा धरून मला जवळ ओढलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "एक सूरबी आला न्हाय रं. तिला सांगू नगंस."

आयुष्य मागावर काढलेला माणूस कुजबुजतो तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. फोन अजून चालू होता.